सोशल मीडिया, राजकारण आणि निवडणुका: अभ्यास करू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला एम.ए.चा प्रबंध लिहायचा असतो, कुणाला पीएच.डी.चा आराखडा द्यायचा असतो, कुणी पत्रकार असतो आणि संपादकाने ‘सोशल मीडियावर काहीतरी मोठं कर’ असं सांगून पाठवलेलं असतं. आचारसंहिता लागली की हे प्रश्न येऊ लागतात आणि निकालानंतर दुप्पट येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत.

‘सोशल मीडियाचा निवडणुकीवरील प्रभाव’ हा विषय घेऊ का?

घेऊ नका. मार्गदर्शक कदाचित हो म्हणतील, समितीही मान डोलावेल, पण काम सुरू झालं की लक्षात येतं की ‘प्रभाव’ नावाची गोष्ट मोजायला हातात काहीच नाही.

२०१९ सालचीच दोन दृश्यं घ्या. एप्रिलमध्ये लोकसभेचा प्रचार चालू होता. राज ठाकरे सभेत बोलता बोलता थांबायचे, ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणायचे आणि मागच्या पडद्यावर एखादं जुनं भाषण किंवा सरकारी जाहिरातीतला दावा सुरू व्हायचा. अमरावती जिल्ह्यातलं हरिसाल हे ‘डिजिटल गाव’ म्हणून जाहिरातीत झळकलं होतं. त्या जाहिरातीतला तरुणच त्यांनी व्यासपीठावर आणून उभा केला. भाजपने उलट व्हिडिओ काढून उत्तर दिलं. क्लिपा फोनोफोनी फिरल्या, ते वाक्य रोजच्या बोलण्यात रुळलं. मनसेचा त्या निवडणुकीत एकही उमेदवार नव्हता. आवाहन होतं ते युतीच्या विरोधात मत देण्याचं. निकालात भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या.

सहा महिन्यांनी, १८ ऑक्टोबरच्या रात्री, साताऱ्यात शरद पवारांची सभा झाली. पाऊस आला, पवार भिजत बोलत राहिले, आणि तो फोटो रातोरात राज्यभर पोचला. २१ ऑक्टोबरला मतदान झालं. साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी उदयनराजे भोसल्यांना हरवलं. विधानसभेत राष्ट्रवादी ४१ वरून ५४ वर गेली. ‘पावसातल्या सभेनं निवडणूक फिरवली’ हे वाक्य तेव्हापासून आपण सगळेच म्हणतो.

म्हणायला हरकत नाही, प्रबंधात लिहायला आहे. पवारांना सहानुभूती मिळायला सप्टेंबरात ईडीच्या प्रकरणापासूनच सुरुवात झाली होती. साताऱ्यात उदयनराजेंच्या पक्षांतराचा राग वेगळाच होता. आणि मुख्य म्हणजे, चाललेली क्लिप आपल्या ध्यानात राहते आणि तितकीच गाजून न चाललेली आपण विसरतो. अभ्यासासाठी फक्त जिंकलेल्यांच्या क्लिपा निवडल्या की प्रभाव आपोआप सिद्ध होतो. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या आराखड्यांत हीच खोट असते.

त्यापेक्षा प्रश्न लहान करा. सातारच्या सभेचा फोटो पहिल्या ४८ तासांत कोणत्या पानांवरून गेला? पक्षाच्या अधिकृत खात्यांनी आधी टाकला की लोकांनी? मथळे काय होते? विरोधकांनी त्यावर मौन पाळलं की थट्टा केली? याची उत्तरं कागदावर दाखवता येतात.

म्हणजे मतांवर परिणाम होतच नाही असं म्हणायचं का?

तसंही म्हणू नका. परिणाम दाखवायला प्रयोग लागतो: सारखे दोन गट, एकाला काही दाखवलं आणि दुसऱ्याला नाही. भारतात असे प्रयोग झाले आहेत. सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये घरोघरी जाऊन सुमारे तासभराचं प्रशिक्षण दिलं. खोटी माहिती कशी ओळखायची, हा त्याचा विषय. एकंदरीत पाहता प्रशिक्षण घेतलेल्यांना खोट्या बातम्या जास्त ओळखू आल्या नाहीत, आणि काही पक्षनिष्ठ मतदारांवर तर उलटाच परिणाम दिसला. साक्षरता वाढवा म्हणजे अफवा थांबतील, असं भाषणात सांगणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास एकदा वाचावा.

असा प्रयोग एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला नसतो. मग ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकातून काढा आणि ‘वापर’, ‘प्रसार’ किंवा ‘खर्च’ घाला.

डेटा कुठून मिळेल?

पूर्वीपेक्षा कमी ठिकाणांहून. जुने शोधनिबंध वाचून त्यातली पद्धत उचलायला जाल तर पहिल्याच आठवड्यात अडाल.

ट्विटर संशोधकांना फुकट डेटा देत असे, ती सोय २०२३ मध्ये बंद झाली. आता एक्सवर पैसे मोजावे लागतात आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ते झेपत नाहीत. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या सार्वजनिक पोस्ट शोधण्यासाठी क्राउडटँगल हे साधन होतं, ते मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केलं. त्याच्या जागी मेटा कंटेंट लायब्ररी आली आहे, पण त्यासाठी संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो, छाननी होते आणि डेटा त्यांच्याच बंदिस्त यंत्रणेत बसून पाहावा लागतो. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली. त्याआधीच्या ग्रामीण महाराष्ट्रातल्या राजकीय व्हिडिओंचा अभ्यास कुणी तेव्हाच करून ठेवला नसेल, तर आज तो करणं जवळपास अशक्य आहे.

यूट्यूब त्यातल्या त्यात बरं. व्हिडिओचं शीर्षक, तारीख, पाहणाऱ्यांची संख्या आणि प्रतिक्रिया रोजच्या ठरावीक मर्यादेत अधिकृत मार्गाने फुकट घेता येतात. मराठी राजकारणासाठी ही खाण आहे. तालुक्याच्या पातळीवर बूम (माइक) घेऊन फिरणारी कितीतरी यूट्यूब चॅनेलं आज स्थानिक वृत्तपत्राचं काम करतात, त्यांच्याकडे अभ्यासक अजून फारसे वळलेले नाहीत.

आणि हातानं गोळा करणं कमीपणाचं मानू नका. एका विधानसभा मतदारसंघातल्या सगळ्या प्रमुख उमेदवारांची फेसबुक पानं मतदानापर्यंत रोज ठरावीक वेळी पाहून तक्त्यात नोंदवली, तर तो डेटा उत्तम असतो. प्रत्येक नोंदीत पोस्टचा दुवा, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट हवाच. निकालानंतर पोस्टी गायब होतात. हरलेल्यांच्या आधी होतात.

फेसबुकची ॲड लायब्ररी म्हणजे काय? तिच्यावर कितपत विसंबावं?

पैसे देऊन केलेल्या राजकीय जाहिरातींचा हा सार्वजनिक साठा. भारतात फेब्रुवारी २०१९ पासून राजकीय जाहिरातीवर ‘पैसे कोणी दिले’ ही ओळ बंधनकारक झाली आणि जाहिराती या साठ्यात जमू लागल्या. गूगलनेही त्याच सुमारास भारतासाठी असा साठा सुरू केला. कुणालाही, खातं नसतानाही, तो पाहता येतो. या विषयात हात घालणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं आमचं मत आहे.

समजा एखाद्या उमेदवाराचं नाव टाकलं. जाहिरात दिसते, किती तारखेला सुरू झाली आणि कधी थांबली ते दिसतं, कोणत्या वयाच्या बायका-पुरुषांनी पाहिली त्याची टक्केवारी दिसते. इथवर छान. पण खर्च दिसतो तो पट्ट्यात, म्हणजे ‘अमुक ते तमुक रुपये’. शंभर जाहिरातींचे पट्टे बेरजेला घेतले की खालची बेरीज आणि वरची बेरीज यांत मोठी तफावत पडते. तुमच्या प्रबंधात दोन्ही आकडे द्या. मधला आकडा काढून ‘इतके रुपये खर्च झाले’ असं छापू नका.

दुसरी अडचण जागेची. जाहिरात कुठे दिसली हे राज्यापुरतं कळतं, मतदारसंघापुरतं नाही. निवडणूक आयोगाच्या नमुना २० मध्ये बूथनिहाय मतं मिळतात, म्हणून काही जण दोन्ही एकत्र जोडायला बघतात. ‘महाराष्ट्र’ एवढ्या एका खणाला लाखभर बूथ जोडून हाती काही लागत नाही.

तिसरी अडचण सर्वांत रंजक. उमेदवाराच्या नावाने शोधलं तर त्याच्या अधिकृत पानाच्या जाहिराती मिळतात. पण विरोधकाची टर उडवणाऱ्या जाहिराती भलत्याच पानांवरून आलेल्या असतात: नाव काहीतरी ‘आपला जिल्हा’ छापाचं, पान प्रचाराच्या तोंडावर काढलेलं, पैसे देणाऱ्याच्या जागी त्याच पानाचं नाव. छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव व पत्ता हवा, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ सांगतं. इथे ओळ असते, पण तिच्यामागचा माणूस सापडेलच असं नाही. द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह हा पत्रकारांचा गट आणि ॲड.वॉच हा संशोधन प्रकल्प यांनी २०१९-२० मधल्या पाच लाखांहून जास्त जाहिराती तपासून अशा पडद्याआडच्या जाहिरातदारांचा माग काढला होता. त्यांची पद्धत एका जिल्ह्यापुरती वापरली तरी चांगला प्रबंध होईल. पानाची ‘पारदर्शकता’ ही जागा उघडून पाहा: पान कधी बनलं, आधी नाव काय होतं, किती देशांतून चालवलं जातं. कालपर्यंत ‘शेरोशायरी’ असलेलं पान आज ‘जनतेचा आवाज’ झालेलं आढळतं.

आणि घाई करा. मेटा या जाहिराती सात वर्षं ठेवते. २०१९ च्या प्रचारातल्या जाहिरातींची मुदत २०२६ मध्ये भरते.

उमेदवाराने सोशल मीडियावर खरंच किती खर्च केला हे कसं कळेल?

कागदोपत्री किती दाखवला, हे कळतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये निवडणूक आयोगाने सोशल मीडियासाठी सूचना काढल्या, त्या आजही पाया आहेत. नमुना २६ च्या शपथपत्रात उमेदवाराने आपली सोशल मीडिया खाती जाहीर करायची. पैसे देऊन दिल्या जाणाऱ्या जाहिरातींना आधी माध्यम प्रमाणन समितीची, म्हणजे सगळे जिला एमसीएमसी म्हणतात तिची, मंजुरी घ्यायची. खर्चात कंपन्यांना दिलेले पैसे, मजकूर तयार करण्याचा खर्च आणि त्या कामावरच्या माणसांचे पगार, तिन्ही धरायचे. स्वतःच्या खात्यावर टाकलेली साधी पोस्ट मात्र जाहिरात मानली जात नाही.

मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख ही खर्चाची मर्यादा आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि त्याची प्रत शुल्क भरून कुणालाही मागता येते. ती मागा. ‘सोशल मीडिया’ या ओळीसमोर कधी मोजकी रक्कम असते, कधी भोपळा. तीच मंडळी ॲड लायब्ररीत काय करत होती ते शेजारी मांडा. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही आणि हितचिंतकांच्या पानांचा खर्च कुणाच्याच खात्यात पडत नाही, हे आपोआप समोर येतं. ‘लाव रे तो व्हिडिओ’च्या सभांचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा, हा प्रश्न २०१९ मध्ये भाजपने आयोगाकडे नेला होता. उमेदवारच नाही तर हिशेब कुणाचा?

महापालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याचे आदेश आणि मर्यादा वेगळ्या, तेव्हा दोन्हींची गल्लत करू नका.

व्हॉट्सॲपचा अभ्यास कसा करायचा? तिथे तर काहीच दिसत नाही.

खरं आहे, आणि महाराष्ट्रातलं बहुतेक राजकारण तिथेच चालतं. बूथप्रमुखाचा ग्रुप, गावकीचा, भावकीचा, सोसायटीचा, दहावीच्या बॅचचा. राजकीय ग्रुपपेक्षा ‘शुभ सकाळ’वाल्या ग्रुपात राजकारण जास्त मुरतं, असं आमचं निरीक्षण. ते सिद्ध करायचा प्रयत्न कुणीतरी करावा.

आजवर दोन मार्ग वापरले गेले. पहिला, ज्यांचे निमंत्रण दुवे इंटरनेटवर उघडे पडलेले असतात अशा सार्वजनिक ग्रुपांत सामील होणं. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या आसपास अशा हजारो राजकीय ग्रुपांतली चित्रं तपासली. त्यांच्या मते खोटी माहिती देणारी चित्रं सुमारे १३ टक्के होती, आणि त्यात जुना फोटो नव्या प्रसंगाचा म्हणून खपवणं हा प्रकार ठळक होता. या मार्गाची मर्यादा उघड आहे: दुवा चव्हाट्यावर टाकणारा ग्रुप आणि घरातला ग्रुप सारखे नसतात.

दुसरा मार्ग डेटा दानाचा. माणसाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, त्याच्या फोनमधल्या मोठ्या ग्रुपांतला मजकूर नावं-नंबर काढून टाकून घ्यायचा. गरिमेला आणि सिमाँ शोशार यांनी उत्तर प्रदेशात अशा पद्धतीने काम केलं आहे. खर्चिक आहे, पण यातून दिसतं ते घराच्या आतलं.

तिसरा मार्ग आम्ही विद्यार्थ्यांना सुचवतो: मुलाखत. एखाद्या तालुक्यात ग्रुप चालवणाऱ्या दहा-बारा कार्यकर्त्यांशी सविस्तर बोला. ग्राफिक कोण बनवतं, वरून मजकूर किती वाजता येतो, त्यातला कोणता पुढे पाठवायचा नाही हे कोण ठरवतं, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि ग्रुपमधल्या पोस्टी एकाच माणसाकडून होतात का. हे कुठल्याही संगणकी पद्धतीतून कळत नाही.

जुन्या आणि नव्या काळाची तुलना करताना मेसेज पुढे पाठवण्यावरची बंधनं ध्यानात ठेवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवांतून देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. २०१७ चा आणि २०२४ चा प्रसार एकाच मापाने मोजला तर निष्कर्ष चुकणार.

ग्रुपात न सांगता राहून नोंदी घेतल्या तर?

घेऊ नका. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या, आणि समिती नसेल तर मार्गदर्शकाकडून लेखी घ्या. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्यात संशोधनासाठी अटींसह सवलत आहे आणि माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती वगळलेली आहे. दोनशे माणसांच्या ग्रुपात लिहिलेलं वाक्य ‘सार्वजनिक’ ठरतं का, यावर वाद घालता येईल, पण तो वाद तुमच्या उत्तरदात्याच्या जिवावर घालायचा नाही. गावाचं नाव, ग्रुपचं नाव आणि पद अशा तीन गोष्टी छापल्या की नाव न छापूनही माणूस ओळखू येतो.

ॲडमिन लोक हमखास विचारतात, ‘कुणी काही टाकलं तर मला अडकवाल का?’ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, संगनमत असल्याशिवाय, ॲडमिन जबाबदार धरता येत नाही. हे माहीत असलं की मुलाखती जरा मोकळ्या होतात.

मराठी पोस्टींचा सूर यंत्राने मोजता येतो का?

मोजता येतो, डोळे मिटून मात्र नाही. पुण्याच्या एल३क्यूब या गटाने मराठीसाठी मोलाचं काम केलं आहे. महासेंट या त्यांच्या संचात सुमारे १६ हजार मराठी ट्विट्स सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशी वर्गवारी करून दिली आहेत. द्वेषमूलक मजकुरासाठी महाहेट आहे, मराठीवर घडवलेली महाबर्ट ही प्रतिमानं (मजकूर समजून घेणारी संगणकी मॉडेलं) आहेत. सगळं खुलं आहे. इंग्रजीतून भाषांतर करून सूर मोजण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

अडचण राजकीय मराठीच्या तिरकेपणाची आहे. देवेंद्र फडणवीसांचं ‘मी पुन्हा येईन’ घ्या. २०१९ च्या मध्यावर ती घोषणा होती, निवडणुकीनंतर मुख्यमंत्रिपद हुकल्यावर टिंगल झाली. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीनंतर आणि पुढच्या राजीनाम्यानंतर टिंगलीला धार आली, जून २०२२ मध्ये समर्थक पुन्हा अभिमानाने लिहू लागले, आणि ५ डिसेंबर २०२४ ला ते तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले तेव्हा तर ते विजयवाक्य बनलं. शब्द तेच तीन. यंत्राला तारीख आणि लिहिणारा ठाऊक नसेल तर ते सगळ्यांना एकाच खणात टाकतं. ‘पन्नास खोके, एकदम ओके’ यात तर एकही नकारार्थी शब्द नाही!

त्यात पुन्हा लिपीची गंमत. ‘साहेब’ हा शब्द लोक रोमन अक्षरांत चार तऱ्हांनी लिहितात. ‘दादा’ म्हणजे अजित पवार की चंद्रकांत पाटील की गल्लीतले कुणी, हे जिल्ह्यावर अवलंबून. ‘ताई’चंही तेच. आमचा सल्ला असा: आधी पाचशे पोस्टी दोन माणसांनी स्वतंत्रपणे वाचून वर्गवारी करावी, दोघांचं किती जुळतं ते मोजावं, मग यंत्राला त्याच पाचशेवर तपासावं. माणसामाणसांतच जुळत नसेल तर वर्गवारीच्या व्याख्येत घोळ आहे.

ट्रोल, बनावट खाती, आयटी सेल हे ओळखायचं कसं?

बाहेरून पाहणाऱ्याला खात्रीने ओळखता येत नाही, संशय मात्र मांडता येतो: एकाच मिनिटाला दहा खात्यांवरून अक्षरशः तेच वाक्य, तीच शुद्धलेखनाची चूक, त्याच क्रमाने हॅशटॅग. ‘समन्वय दिसतो’ असं लिहा, ‘पैसे देऊन केलं’ असं पुराव्याशिवाय लिहू नका.

संख्येला भुलू नये यासाठी एक जुनं उदाहरण. १ एप्रिल २०१९ रोजी फेसबुकने भारतातली काही पानं आणि खाती काढून टाकली. काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित व्यक्तींशी जोडलेली ६८७ आणि सिल्व्हर टच या कंपनीशी संबंधित व्यक्तींशी जोडलेली अवघी १५. मथळ्यांत ६८७ गाजलं. पण त्या ६८७ च्या पानांना मिळून सुमारे २ लाख खाती फॉलो करत होती, तर सरकारची आणि भाजपची बाजू मांडणाऱ्या त्या १५ मधल्या पानाला सुमारे २६ लाख. आपण काय मोजतोय, खाती की पोच, हे आधी ठरवा.

डीपफेकवर, म्हणजे एआयने बनवलेल्या खोट्या आवाज-व्हिडिओंवर, प्रबंध करू का? सध्या तोच चर्चेत आहे.

करा, पण प्रमाणाचं भान ठेवून. उत्तर प्रदेशातल्या ज्या व्हॉट्सॲप अभ्यासाचा वर उल्लेख आला, त्यात खूप फिरलेल्या मेसेजांमध्ये एआयने बनवलेला मजकूर १ टक्क्याच्या आसपास निघाला. जुना फोटो नवा म्हणून पाठवायला एआय लागत नाही.

एखादा प्रसंग घेऊन खोलात जायचं असेल तर १९ नोव्हेंबर २०२४ ची रात्र घ्या. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे शेवटच्या ४८ तासांची प्रचारबंदी चालू. त्या रात्री भाजपने काही ऑडिओ क्लिपा प्रसिद्ध करून सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्यावर बिटकॉइनचे पैसे निवडणुकीत वापरल्याचे आरोप केले. दोघांनीही ते फेटाळले, सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. काही फॅक्ट-चेक संस्थांनी क्लिपा तपासून त्यातल्या बऱ्याचशा एआयने बनवल्या असण्याची दाट शक्यता वर्तवली. तोवर मतदान केंद्रांवर रांगा लागल्या होत्या.

यात अभ्यासायला किती काही आहे: क्लिप किती वाजता पडली, वाहिन्यांनी किती मिनिटांत उचलली, ‘आरोप’ हा शब्द कोणत्या मथळ्यात टिकला आणि कुठे गळला, आणि खुलासा क्लिपच्या मानाने किती जणांपर्यंत पोचला. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांना सांगितलं होतं की खोटा मजकूर लक्षात आल्यापासून तीन तासांत काढा. मतदानाच्या आदल्या रात्री तीन तास म्हणजे किती, हा प्रश्न आकड्यांनिशी विचारता येतो. आवाज खरा की खोटा याचा निवाडा मात्र आपण करायचा नाही.

महिला उमेदवारांवरच्या शेरेबाजीचा अभ्यास झालाय का?

झालाय. ॲम्नेस्टी इंडियाने २०१९ च्या निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेली ट्विट्स स्वयंसेवकांकडून वाचून घेतली, त्यात मराठीही होतं. १३.८ टक्के ट्विट्स त्रासदायक किंवा शिवीगाळ करणारी आढळली. नगराध्यक्ष आणि सरपंच बायकांच्या फेसबुक पानांवर काय चालतं, हे मात्र अजून कुणी नीट पाहिलेलं आमच्या वाचनात नाही. तिथे शिवीपेक्षा ‘वहिनी, निर्णय साहेबच घेतात ना?’ हा प्रकार जास्त असतो, आणि तो कोणत्याच यंत्राच्या यादीत बसत नाही.

ऑनलाइन प्रतिक्रिया म्हणजे जनमत धरायला काय हरकत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले, तरी ही दरी मिटलेली नाही. त्यातही लिहिणारे मूठभर.

परदेशातल्या मराठी माणसांचा मुद्दाही इथलाच. न्यू जर्सी किंवा दुबईहून महाराष्ट्राच्या राजकारणावर हिरिरीने लिहिणारे पुष्कळ आहेत. अनिवासी नागरिकाला नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला आपल्या बूथवर प्रत्यक्ष यावं लागतं. पोस्टींच्या मोजणीत ते दिसतात, मतांच्या मोजणीत जवळपास नाहीत. गोव्यात आणखी एक पेच: एकाच माणसाच्या पोस्टी मराठीत, देवनागरी कोकणीत, रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत आणि इंग्रजीत असतात. फक्त मराठी गाळून घेतल्या तर अर्धं गोवं हातातून निसटतं.

काही छापलं तर कायद्याच्या कचाट्यात सापडू का?

भीती अगदीच निराधार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुक पोस्ट लिहिल्याबद्दल एका आणि ती लाइक केल्याबद्दल दुसऱ्या, अशा दोन तरुणींना पालघरमध्ये अटक झाली होती. त्या प्रकरणानंतरच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. बाकीची कलमं आहेतच.

अभ्यासकांसाठी जास्त जवळचं उदाहरण ऑगस्ट २०२५ चं आहे. लोकनीती-सीएसडीएस या निवडणूक सर्वेक्षणं करणाऱ्या संस्थेचे संजय कुमार यांनी महाराष्ट्रातल्या काही मतदारसंघांच्या मतदारसंख्येचे आकडे एक्सवर टाकले. तक्त्यातल्या ओळी चुकीच्या वाचल्या गेल्याचं सांगून दोन दिवसांत त्यांनी पोस्ट काढली आणि माफी मागितली. तरी नागपूर आणि नाशिकमध्ये गुन्हे नोंदले गेले. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या कारवाईला स्थगिती दिली. निवडणुकीचा आकडा पोस्ट करण्याआधी दुसऱ्या माणसाकडून मूळ कागदाशी ताडून घ्या, आणि कच्चे निष्कर्ष एक्सवर टाकूच नका.

हातात सहा महिने आहेत आणि पैसे नाहीत. काय करू?

एक विधानसभा मतदारसंघ, तीन-चार उमेदवार, त्यांच्या शपथपत्रातली खाती, ॲड लायब्ररीतल्या जाहिराती, खर्चाच्या हिशेबाची प्रत आणि ग्रुप चालवणाऱ्या आठ-दहा जणांच्या मुलाखती. प्रवासखर्च एसटीच्या तिकिटाइतका. हिशेबाच्या प्रतीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत अर्ज करा, पोच घ्या, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आधी जा.